खेळणाऱ्याला न फसवता सिंहगडाची लेव्हल कशी बांधावी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे धायरीला राहायला आला होता. एका स्ट्रॅटेजी गेममध्ये त्याने पाऊण तास एक पूल राखला. घोडेस्वार जपले, जखमी माणसं मागे आणून बरी केली. पूल टिकला आणि त्याच क्षणी एक छोटा व्हिडिओ लागला: मित्र सरदार फितूर झाला. व्हिडिओ संपला तेव्हा निम्मं सैन्य लाल, म्हणजे शत्रूचं झालेलं, आणि तेही याच्याच छावणीच्या आत उभं. त्याने माउस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मावशी, मग मी एवढं जपलं कशासाठी?"

मला फार वाईट वाटलं. फितुरीचं काही नाही, गोष्टीत ती यायलाच हवी. पण तिची एकही खूण नकाशात आधी नव्हती, आणि ती झाल्यावर पोराच्या हातात एकही चाल उरली नव्हती. याला मी कलाटणी म्हणत नाही, ही फसवणूक आहे. म्हणून एक सरळ लेव्हल स्वतःच बांधायला घेतली. तुम्हालाही बांधायची असेल तर एज ऑफ एम्पायर्स २ या स्ट्रॅटेजी गेममधला सिनारिओ एडिटर, म्हणजे स्वतःची लेव्हल बांधायचं साधन, पुरेसा आहे. गेम १९९९ चा, २०१९ मध्ये त्याची डेफिनिटिव्ह एडिशन आली. कोडिंग यावं लागत नाही. सगळं ट्रिगरांवर चालतं. ट्रिगर म्हणजे कंडिशन आणि इफेक्ट: अमुक झालं की तमुक कर.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ असलेली घ्या. मी ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र घेतली, कोंढाण्याची. तानाजी पडणार हे आपल्याकडे शाळेतलं पोरही जाणतं, त्यामुळे काही लपवून धक्का देण्याचा मोहच राहत नाही.

नकाशा काढण्याआधी जागा पाहून या. मी रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने वर गेले आणि तानाजी कड्यापाशी वही घेऊन थांबले. खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तिथे लक्षात आलं, की दोराने वर आलेल्या माणसाला परतीची वाट एकच, तोच दोर. माझी अख्खी लेव्हल त्या एका गोष्टीवर उभी आहे. पहिल्या खेपेला मी देवटाकं, बुरूज, पायवाटा, सगळं भरलं होतं आणि भाचा दहा मिनिटं नुसता हिंडत राहिला. मग सगळं काढून टाकलं. लहान नकाशा घ्या, १२० बाय १२० चौकोनांचा.

एडिटरमधले कडे सैन्याला ओलांडता येत नाहीत. म्हणून कड्यात एकाच चौकोनाची फट ठेवा, तो तुमचा दोर. फटीच्या वर आणि खाली एकेक झेंडा रोवा. कलाटणी याच जागी घडणार आहे, तेव्हा खेळणाऱ्याला ही जागा पहिल्या मिनिटापासून दिसली पाहिजे. तिथे मॅप रिव्हीलर ठेवला की अंधार राहत नाही. चढाचंही भान ठेवा: या गेममध्ये वरून मारलेला वार पाव हिस्सा जास्त लागतो आणि खालून केलेला पाव हिस्सा कमी. मी कड्यावर आठ धनुर्धारी उभे केले होते, फटीपाशीच सगळी माणसं संपली. ते काढले. रात्रीचा छापा आहे, कड्यावर पहारा विरळच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तानाजी खेळणाऱ्याच्या हाती देऊ नका. आपल्या हातातला नायक माणूस जिवापाड जपतो, आणि पटकथेने त्याला मारलं की त्या जपण्याला काही अर्थच राहत नाही. मी तानाजी आणि त्याचे मावळे दुसऱ्या, मित्र खेळाडूकडे दिले आणि त्या खेळाडूला एआय, म्हणजे आपोआप चाली करणारा मेंदू, लावला नाही. खेळणाऱ्याला सूर्याजी दिला, कल्याण दरवाजाबाहेर थांबलेला. उद्दिष्टातही खोटं लिहू नका. 'तानाजीचं रक्षण करा' असं लिहून पुढे त्याला मारणं हा विश्वासघात आहे. माझ्याकडे एवढंच आहे: 'दरवाजा उघडताच आत शिरा. कड्यावरच्या झेंड्यांवर लक्ष ठेवा.'

ट्रिगरांची साखळी अशी. सूर्याजी दरवाजाच्या आत आला की वीस सेकंदांचा टायमर, मग तानाजी पडतो. लगेच टास्क ऑब्जेक्ट या इफेक्टने मित्राचे मावळे फटीकडे पळू लागतात. सूर्याजी फटीपाशी पोहोचला की क्रिएट ऑब्जेक्टने तिथे लाकडी कुंपण उभं राहतं, म्हणजे दोर कापला गेला. सूर्याजीने दोर कापून पळणारे मावळे मागे वळवले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्याच ट्रिगरमध्ये चेंज ओनरशिप लावा आणि वर उरलेले मावळे खेळणाऱ्याचे करा. भाच्याचं सैन्य हिरावलं गेलं ते याच इफेक्टने करता येतं. इथे तोच इफेक्ट त्याला माणसं मिळवून देतो, आणि जितक्या लवकर तो पोहोचेल तितकी जास्त.

इथे अंतर मोजून घ्या. माझे मावळे बारा सेकंदांत फटीशी पोहोचत होते आणि सूर्याजीला चाळीस लागत होते, म्हणजे तो कितीही धावला तरी हरणारच. दरवाजा तीन वेळा सरकवला. शेवटी दोन्ही अंतरं अशी जुळली, की मागे न रेंगाळणाऱ्याला निम्म्याहून जास्त माणसं मिळतात.

उदेभानाची कुमक मोकळ्या जमिनीतून उगवू देऊ नका. ती आधीपासून दिसणाऱ्या घरांतूनच निघू दे, आणि अर्धा मिनिट आधी संदेश येऊ दे.

चाचणीला कोणालातरी बसवा आणि स्वतः गप्प राहा. भाचा खेळताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वहीत फक्त वेळा लिहीत होते. तिसऱ्या खेपेला त्याने मला वाटलंच नव्हतं असं केलं. दरवाजातून आत शिरताच दोन मावळे थेट झेंड्यापाशी धाडले. तानाजी पडला तेव्हा ते दोघे फटीपाशी उभेच होते, पण माझा ट्रिगर सूर्याजीचीच वाट बघत होता. त्यामुळे दोर कापला गेला नाही आणि सगळे मावळे त्या दोघांना वळसा घालून खाली उतरले. पोरगं बरोबर होतं, चूक माझी होती. म्हणून आता दुसरा ट्रिगर लिहितेय: खेळणाऱ्याचा कोणीही माणूस फटीपाशी असला, की दोर कापला जाईल.