पहिलं वेबपेज: कोणती साधनं घ्यावीत, कोणती सोडावीत

‘वेबपेज बनवायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ या प्रश्नापासून सुरुवात केली तर हाती गोंधळच लागतो. आधी कागदावर दोन ओळी लिहा: पानावर काय असणार, आणि ते किती वेळा बदलणार. स्वतःची ओळख, एखाद्या कार्यक्रमाची माहिती, निवडक फोटो हे एकदा लिहून ठेवायचं काम आहे. रोज नवा मजकूर टाकायचा असेल किंवा पान सांभाळणारे चौघेजण असतील, तर मामला वेगळा.

या दुसऱ्या प्रकारासाठी वर्डप्रेस हे वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर बघा. २००३ पासून ते चालू आहे, मोफत आहे, आणि लॉगिन करून लिहिलं की झालं. मात्र स्वतःच्या होस्टिंगवर (सर्व्हरवर घेतलेल्या जागेत) बसवलं, तर त्याचे आणि प्लगइनचे (त्याला जोडायच्या जादा सोयींचे) अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात. कोणताही तयार वेबसाइट बिल्डर घेण्याआधी त्यात ‘एक्सपोर्ट’ची सोय आहे का, हे तपासाच. आपला मजकूर आपल्याला बाहेर काढता येत नसेल, तर तो बिल्डर कितीही देखणा असो, घेऊ नका.

पण साधं पान हवं असेल, किंवा खरंच शिकायचं असेल, तर एक टेक्स्ट एडिटर आणि एक ब्राउझर एवढंच पुरे. वेबपेज ज्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल म्हणजे शेवटी साधा मजकूर. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९९१च्या सुमारास केलेली सुरुवातीची पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात, ती याच साधेपणामुळे.

एडिटर म्हणून नोटपॅडही चालतं, पण मी व्हीएस कोड सुचवेन. ते मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि टॅग (एचटीएमएलमधल्या कोनी कंसातल्या खुणा) वेगवेगळ्या रंगांत दाखवतं, त्यामुळे कुठे काय राहिलं ते पटकन दिसतं. वर्ड मात्र वापरू नका. त्यातून ‘वेबपेज’ म्हणून सेव्ह केलेल्या फाईलमध्ये इतका फालतू कोड येतो की त्यातून काहीच शिकता येत नाही.

आता व्हीएस कोडमध्ये नवी फाईल उघडून ती डॉट एचटीएमएल या शेपटासह सेव्ह करा. रिकाम्या फाईलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा, की पानाचा सांगाडा तयार. त्यातल्या तीन गोष्टी नीट बघा. ‘लँग’पुढे इंग्रजीचा कोड असतो. मराठी पानासाठी तिथे ‘एमआर’ ही इंग्रजी अक्षरं लिहा, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला भाषा कळते. ‘कॅरसेट’पुढे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत असते, ती काढू नका, नाहीतर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. तिसरी ओळ ‘व्ह्यूपोर्ट’ची. ती नसेल तर फोन पानाला संगणकाच्या पडद्याएवढं रुंद धरतो आणि मग आक्रसून दाखवतो. अक्षरं वाचताच येत नाहीत.

पान फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये उघडा आणि एफ१२ दाबा. समोर येणारे डेव्हलपर टूल्स हे नवशिक्याचं सगळ्यात मोलाचं साधन, आणि ते आधीपासूनच तुमच्याकडे असतं. एखाद्या मथळ्याचा रंग तिथेच बदलून बघा, समास वाढवा. पान रीलोड केलं की सगळं पूर्ववत होतं, म्हणून बिनधास्त प्रयोग करा. आवडलेला बदल मग स्वतःच्या सीएसएस फाईलमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या फाईलमध्ये) लिहायचा. कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की तेच पान फोनच्या आकारात दिसतं.

अडलात तर एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या माहितीच्या साइटवर शोधा, आणि लिहिलेलं पान वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (चुका शोधणाऱ्या साधनातून) तपासून घ्या. न बंद केलेले टॅग तो ओळ क्रमांकासह दाखवतो.

रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) चर्चा सतत कानावर पडेल. सध्या सोडून द्या. माहितीच्या चार पानांना तिची गरज नसते.

पान जगापुढे ठेवायला गिटहब या साइटची ‘गिटहब पेजेस’ ही सेवा पुरेशी आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीतली (सर्वांना दिसणाऱ्या फाईलसंग्रहातली) साधी पानं तिथे मोफत राहतात. मुख्य फाईलचं नाव ‘इंडेक्स’ ठेवा. फाईलची सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक करत नाही, पण बहुतेक सर्व्हर करतात. घरच्या संगणकावर दिसणारा फोटो अपलोड केल्यावर गायब झाला, तर आधी त्याच्या नावातली अक्षरं ताडून बघा.