शेवटचे 24 तास: डुकराचं आणि गुरांचं मांस बिघडू नये म्हणून काय करायचं

सहा महिने डुक्कर सांभाळलं, खाद्यावर खर्च केला, लसी वेळेवर दिल्या, वजन मस्त आलं, आणि कापल्यावर बघतो तर मांस फिकट, हाताला लिबलिबीत, ट्रेमध्ये गुलाबी पाणी साठलेलं. किंवा मोठ्या जनावराचं मांस काळपट, चिकट आणि दोन दिवसात वास मारायला लागलेलं. अशा वेळी पहिला संशय खाद्यावर जातो, मग जातीवर, मग औषधांवर. मी पण आधी तिथेच शोधायचो. पण बऱ्याच वेळा घोळ झालेला असतो शेवटच्या 24 तासात, कधीकधी तर शेवटच्या पाच मिनिटात, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच हाताने झालेला असतो.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप डोक्यात बसतं. जिवंत स्नायूचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) 7 ते 7.2 असतो. जनावर मेलं की रक्त थांबतं, ऑक्सिजन बंद होतो, पण स्नायूचं काम लगेच थांबत नाही, तो स्वतःत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन मोडत राहतो. ऑक्सिजन नसल्यामुळे तिचं लॅक्टिक ॲसिड होतं, आणि रक्त वाहत नसल्यामुळे ते ॲसिड तिथेच साठतं. त्यामुळे पीएच हळूहळू उतरत 5.5 ते 5.7 पर्यंत येतो, डुकरात साधारण 6 ते 8 तासात, मोठ्या गुरांत 18 ते 24 तासात किंवा त्याहून उशिरा. हा उतार सावकाश आणि पुरेसा झाला की रंग, पाणी धरण्याची ताकद, टिकाऊपणा सगळं जागेवर येतं.

आता हे दोन प्रकारे बिघडतं आणि दोन्हीचं मूळ वेगळं आहे, म्हणून गल्लत करू नका. पहिला प्रकार, जनावर कापायच्या अगदी आधी घाबरलं, पळालं, ओरडलं. स्नायू आधीच तापलेला, साखर आधीच भराभर मोडायला लागलेली. मग 45 मिनिटातच पीएच 6 च्या खाली जातो आणि धड अजून 38-40 डिग्रीला असतं. गरम आणि आंबट हे दोन्ही एकत्र आलं की प्रथिनं बिघडतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात, म्हणजे फिकट, मऊ, पाणी सुटणारं मांस, त्याला सगळे पीएसई म्हणतात. डुकरात हाच त्रास जास्त. दुसरा प्रकार, जनावर कित्येक तास किंवा दिवसभर ताणात होतं, भांडलं, उपाशी राहिलं, थंडीत कुडकुडलं, आणि साखर जिवंतपणीच संपली. मग मेल्यावर ॲसिड बनायला काही उरतच नाही, पीएच 6 च्या वरच अडकतो आणि मांस गडद, घट्ट, कोरडं होतं, ते डीएफडी. गुरांत, खास करून वळू आणि खोंडांत, हे जास्त. दिसायला कोरडं असलं तरी प्रत्यक्षात पाणी आत घट्ट धरलेलं असतं, आणि जंतूंना खायला साखर नसल्यामुळे ते लवकर प्रथिनांच्या घटकांवर येतात, म्हणून वास लवकर सुटतो. व्हॅक्यूम पॅकमध्ये घातलं तरी हिरवट पडू शकतं.

गुरांच्या स्नायूत किलोमागे साधारण 9-10 ग्रॅम ग्लायकोजेन शिल्लक असलं तरच पीएच 5.5 पर्यंत उतरतो. हा आकडा लक्षात ठेवा, बँकेतल्या शिल्लकीसारखा. प्रत्येक धक्का, प्रत्येक भांडण त्यातून काढून नेतं. आणि डुकरात ही शिल्लक एक-दोन दिवसात बरीचशी भरते पण गुरांत भरायला कित्येक दिवस लागतात, म्हणून "आज रात्री विश्रांती देऊ, उद्या ठीक होईल" हे गुरांच्या बाबतीत चालत नाही.

जातीचं थोडक्यात सांगतो. डुकरात हॅलोथेन जीन म्हणून एक दोष असतो, स्नायूतल्या कॅल्शियमचं दार नीट बंद होत नाही. 1991 साली तो नेमका कुठला बदल आहे ते सापडलं. हॅलोथेन ही भूल दिली की अशी डुकरं ताठ व्हायची, त्यावरून नाव पडलं. पिएट्रेन जातीत हा दोष पूर्वी खूप होता. दोन्ही पालकांकडून आला तर डुक्कर नुसत्या ताणाने ट्रकमध्येच मरू शकतं, एकाकडून आला तरी पीएसईचा धोका वाढतो. उपाय सोपा आहे, नर घेताना तपासणीचा रिपोर्ट मागा. पण जीन साफ असलं म्हणून मोकाट हाणामारी केली तर पीएसई येणारच.

आता खाद्य. डुकराचं शेवटचं खाणं आणि कापणी यात 12 ते 18 तास असू द्या, 24 च्या वर नको. पोट भरलेलं असेल तर गाडीत उलट्या होतात, गाडीत मरणारी डुकरं वाढतात, आणि कापताना आतडं फुटलं तर सगळं धड घाण होतं. उलट फार उपाशी ठेवलं तर साखर संपते आणि भुकेली डुकरं जास्त भांडतात. पाणी मात्र एक मिनिटही बंद करायचं नाही, गोठ्यात, विश्रांतीच्या जागी, कुठेच नाही. लोक खाद्य बंद करताना पाण्याचा नळ पण बंद करतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सगळ्यात आधी नळ सोडून बघतो.

अनोळखी जनावरं मिसळू नका. ही एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम होतं असं मला मनापासून वाटतं. डुकरांच्या कळपात कोण वरचा कोण खालचा हे ठरलेलं असतं, दोन कळप एकत्र केले की ते पुन्हा ठरवण्यासाठी भांडणं होतात आणि खांद्यावर कानावर चावल्याच्या रेघा उठतात, त्या सोलल्यावरही दिसतात. वळू आणि खोंड एकत्र कोंबले तर रात्रभर एकमेकांवर चढत बसतात, माजावर आलेल्या गायींचं पण तेच, आणि सकाळी स्नायू रिकामे. एकाच खोलीतली एकाच गटातली जनावरं गाडीत एका कप्प्यात आणि उतरल्यावरही एकाच आवारात. जागा कमी पडते म्हणून गट मोडण्यापेक्षा गाडीला आडवे पार्टिशन लावा.

गाडीत चढवताना रॅम्पचा उतार बघा. डुकराला जास्त चढ जमत नाही. युरोपियन युनियनचा नियम डुकरांसाठी जास्तीत जास्त 20 अंशाचा आहे, पण 15 च्या आत ठेवलं तर फरक डोळ्यांनी दिसतो. आडव्या पट्ट्या मारा, भुसा टाका, बाजू बंद ठेवा. गाडीत जागेचा हिशोब, 100 किलोच्या आसपासच्या डुकरांसाठी एका चौरस मीटरमध्ये 235 किलोपेक्षा जास्त नको, म्हणजे एका डुकराला साधारण 0.43 चौरस मीटर, सगळ्यांना एकाच वेळी आडवं होता आलं पाहिजे. उन्हात यापेक्षाही कमी भरा. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, ते धापा टाकून आणि अंग ओलं करून गार होतं, आणि गाडी थांबली की हवा थांबते, दहा मिनिटात आत भट्टी होते. म्हणून पहाटे भरा आणि वाटेत थांबू नका. तोंड उघडं ठेवून धापा, अंगावर लाल चट्टे, पाय थरथरणं, बसून राहणं, हे दिसलं की त्या डुकराला हाकणं तिथेच थांबवायचं, सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडायचं. त्याला अजून एकदा टोचलं तर ते तिथेच मरेल.

उतरल्यावर डुकरांना 2 ते 4 तास विश्रांती. अंग गार होतं, श्वास खाली येतो. उन्हाळ्यात अंगावर फवारा मारला तर शांत पण राहतात आणि भांडणं कमी होतात, थंडीत फवारा नको. रात्रभर ठेवायची पद्धत डुकरांना मला अजिबात पटत नाही, पीएसई टाळायला जातो आणि डीएफडी घेऊन येतो.

आता हाकणं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. जनावर अडलं की माणसाचा हात काठीकडे जातो. थांबा, आणि जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून त्याच वाटेने पुढे बघा, खरंच वाकून बघा. जमिनीवर पडलेली उजेडाची तिरीप, गटाराची जाळी, लटकणारी साखळी, ओल्या फरशीवरची चकाकी, भिंतीवर टांगलेला रेनकोट, समोर उभा माणूस, समोरून तोंडावर येणारा वारा, यातलं काहीतरी असतंच. गाय आणि डुक्कर दोघांनाही जवळपास चारी बाजूचं दिसतं, फक्त अगदी मागचं दिसत नाही, पण खोली नीट कळत नाही, म्हणून सावली त्यांना खड्डा वाटते आणि ते बुजतात. अमेरिकेतल्या जनावरांच्या वागण्याच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं, की जनावर हट्टी नसतं, त्याला काहीतरी दिसलेलं असतं. अंधारातून उजेडाकडे जनावर जातं, उजेडातून काळोखात जात नाही, म्हणून पुढच्या दारात दिवा लावा पण तो डोळ्यात मारणारा नको.

उभं कुठे राहायचं ते पण शिकून घ्या. जनावराभोवती एक अदृश्य घेर असतो, आत शिरलात तर ते सरकतं, बाहेर आलात तर थांबतं. खांदा हा तोल बदलायचा बिंदू. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर पुढे जाईल, खांद्याच्या पुढे आलात तर मागे सरकेल. लोक डोक्याजवळ उभे राहून मागच्या बाजूला मारतात, म्हणजे एकाच वेळी पुढे जा आणि मागे जा असं दोन्ही सांगतात. डुकरं एकावेळी 4-6 च न्या, हातात फळी घ्या, ओरडू नका, शिट्ट्या नकोत, लोखंडी दरवाजे आपटू नका, त्यांना रबर लावा. करंटची काठी भिंतीवरून काढूनच टाका, हाताशी असली की वापरली जाते. शेवटच्या पाच मिनिटात दिलेला करंट थेट पीएसई मध्ये दिसतो. किती ओरडतात ते मोजा, ग्रँडिन यांच्या मोजणीत 100 पैकी 3 पेक्षा जास्त गुरं ओरडली तर कुठेतरी चुकतंय असं धरतात.

बेशुद्ध करताना अर्धवट काम म्हणजे जनावराच्या वाट्याला यातना, इथे घाई कुणीही करू नये. डुकराला डोक्यातून करंट देताना कमीत कमी 1.3 अँपिअर मेंदूतून गेला पाहिजे, इलेक्ट्रोड स्वच्छ आणि योग्य जागी, आणि 15 सेकंदात रक्त काढायला सुरुवात. गुरांना बोल्ट (बेशुद्ध करायच्या पिस्तुलाचा कपाळात घुसणारा लोखंडी दांडा) मारताना प्रत्येक डोळ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या बुडापर्यंत रेघ कल्पा, दोन्ही जिथे छेदतात तिथे, काटकोनात. म्हशीचं कपाळाचं हाड जाड असतं, गुरांची साधी बोल्ट तिथे कमी पडू शकते. नंतर तपासा, जनावर लगेच कोसळलं का, तालात श्वास चालू नाही ना, बुबुळाला बोट लावल्यावर पापणी हलत नाही ना, मान उचलायचा प्रयत्न नाही ना. पाय झाडणं म्हणजे शुद्धीवर असणं नव्हे, पण तालात श्वास दिसला तर लगेच पुन्हा बेशुद्ध करा, एक सेकंद विचार करू नका. उशीर झाला तर रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या फुटून मांसात लाल ठिपके पण पडतात.

थंड करताना डुक्कर आणि गुरं यांना एकाच मापाने मोजू नका. डुकराचं धड पटकन गार केलं तर पीएसईचा जोर कमी होतो. गुरांचं मात्र पीएच 6 च्या खाली येण्याआधीच 10 डिग्रीच्या खाली नेलं तर स्नायू आखडतात आणि मांस चामड्यासारखं होतं. 1963 मध्ये न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी हे दाखवलं. पहिले 10 तास 10 डिग्रीच्या खाली नको, हा अंदाज कामाला येतो. त्यानंतर मुरवायला ठेवलं तर गुरांचं मांस दोनेक आठवडे मऊ होत राहतं, डुकराचं चार-पाच दिवसात बरंचसं होऊन जातं.

आणि पीएच मीटर घ्याच. रोज 4 आणि 7 च्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) जुळवा, टोकाला चरबी चिकटली की पुसा, शेवटच्या बरगडीजवळ पाठीच्या मोठ्या स्नायूत खुपसा, 45 मिनिटांनी एकदा आणि 24 तासांनी एकदा. 45 मिनिटांचा आकडा 6 च्या खाली असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात काय झालं ते शोधा, जनावरं हाकायची गल्ली, काठी, बेशुद्ध करायची जागा. 24 तासांचा आकडा 6 च्या वर असेल तर आदल्या दिवसाकडे जा, गाडी, मिसळलेले गट, उपाशी तास, रात्रीचा मुक्काम. शेजारी वहीत गाडीचा नंबर, आवाराचा नंबर, उतरल्याची वेळ आणि कापल्याची वेळ लिहा. माझ्याकडे एकदा फिकट मांसाचा त्रास आठवडाभर चालला, खाद्य बदललं, डॉक्टर बोलावले, आणि वही उलटल्यावर दिसलं की सगळी वाईट धडं दुपारच्या पाळीची आहेत. दुपारी त्या गल्लीच्या वळणावर वरच्या खिडकीतून ऊन पडत होतं, डुकरं तिथे अडत होती आणि तिथेच त्यांना टोचलं जात होतं. खिडकीवर पत्रा ठोकला.