राखेचा ढग आला तर? खान्देशातून विमानाला निघणाऱ्यांसाठी तयारी

आई-नानांचं मस्कतचं तिकीट होतं, मुंबईहून, २५ नोव्हेंबर २०२५ सकाळचं. आदल्या दुपारी जळगावला गाडीत बसवून दिलं, रात्री ते कल्याणला मावशीकडे टेकतात न टेकतात तोच टीव्हीवर बातमी, इथिओपियातला हेली गुब्बी ज्वालामुखी २३ तारखेला फुटला आणि त्याची राख येमेन, ओमान करत गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडं चाललीये. कुठं इथिओपिया आणि कुठं दिल्ली, ४,००० किलोमीटरच्या वर अंतर आहे. सकाळी बॅगा देऊन झाल्यावर कळलं की फ्लाइट लेट, किती ते सांगत नव्हते, आणि नानांच्या बीपीच्या गोळ्या होत्या आत गेलेल्या बॅगेत. ते सात तास मी फोनवर कसे काढले ते माझं मलाच माहीत. म्हणून हे लिहितेय, आपल्याकडून आता खूप लोकं आखाताला पोरांकडे, बालीला, उमराहला जातात, त्यांनी निघायच्या आधी एकदा वाचा.

पहिलं, औषधं. निदान पाच दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या कारण आपला ब्रँड बाहेर मिळत नाही. दुबई-अबुधाबीला जात असाल तर ट्रामाडॉल, कोडीनवाल्या (दुखण्या-खोकल्यावरच्या) गोळ्यांना तिथं कडक नियम आहेत, ते आधीच विचारून घ्या. शुगरवाल्यांनी खायचं पण सोबत ठेवा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात टिकते.

मग लोकं विचारतात, आभाळ तर स्वच्छ दिसतंय, विमान का नाही सोडत? ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते हो, ती दगडाची आणि काचेची बारीक पूड असते. ती साधारण १,१०० अंशाला वितळायला लागते आणि जेट इंजिनात आत त्याहून जास्त ताप असतो, त्यामुळे ती वितळते, पुढं टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते आणि हवेचा रस्ताच अडतो. २४ जून १९८२ ला जावा बेटावरच्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचं जम्बो घुसलं, चारही इंजिनं बंद पडली, विमान तरंगत खाली आलं, राखेच्या बाहेर आल्यावर इंजिनं परत चालू झाली आणि जकार्ताला उतरलं, तेव्हा समोरची काच इतकी घासली गेली होती की पायलटला धड दिसत नव्हतं. आणि विमानातलं हवामानाचं रडार पावसाचे थेंब बघतं, बारीक कोरडी राख त्याला दिसत नाही, रात्री तर डोळ्यालाही नाही. त्यामुळे कंपनीनं थांबवलं तर काउंटरवरच्या पोरीशी भांडू नका, खरंच नका.

राख कुठं चाललीये ते सांगायला जगात नऊ केंद्रं आहेत, फ्रान्समधलं तुलूज, ऑस्ट्रेलियातलं डार्विन, टोकियो वगैरे. नोव्हेंबरात तुलूजचीच सूचना आली होती. ते दर सहा तासांनी पुढच्या अठरा तासांचा अंदाज देतात, कोणत्या उंचीवर किती पसरलीये ते. त्यावरून कंपनीवाले रस्ता वळवतात, जास्तीचं इंधन घेतात, उतरायला दुसरं विमानतळ धरून ठेवतात, नाहीच जमलं तर रद्द. म्हणजे सकाळचं उत्तर संध्याकाळी बदलू शकतं, निघायच्या आदल्या दिवशी तीनदा तरी कंपनीच्या अ‍ॅपवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको. आणि आपली फ्लाइट त्या बाजूची नाही म्हणून निश्चिंत राहू नका, तेव्हा जी विमानं त्या भागावरून उडून आली होती ती तपासायला उभी केली आणि मुंबई-हैदराबादसारख्या देशातल्या फ्लाइटी पण रद्द झाल्या.

आपली खरी अडचण म्हणजे मुंबई दूर. जळगावहून मुंबईचं विमान घेतलं तरी ते तिकीट आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर एक चुकलं म्हणून दुसरा जबाबदारी घेत नाही, जमेल तर एकाच पीएनआरवर काढा. नाहीतर एक दिवस आधी पोहोचा, आणि निघायच्याच दिवशी गडबड कळली तर रेल्वेचा चार्ट लागायच्या आत ठरवून टाका. नंदुरबारवाल्यांना सुरतची लाइन आहे, धुळ्याहून हायवेनं रात्रीतून मुंबई होते, पण गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की तारीख सरकू शकते.

तिकीट स्वतःहून कॅन्सल करू नका! कंपनीनं रद्द केलं तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे मागता येतात, आपण घाई केली तर चार्जेस कापतात. नैसर्गिक आपत्तीत वेगळी भरपाई मात्र आपल्याकडं मिळत नाही. युरोपातून परत येत असाल तर अडकलेल्या दिवसांचं जेवण-हॉटेल कंपनीनं द्यायचं असतं, पावत्या जपून ठेवा. इन्शुरन्स तिकिटासोबतच काढा, ज्वालामुखी फुटल्याची बातमी आल्यावर काढलेली पॉलिसी बहुतेक वेळा त्या कारणाला चालत नाही.

बालीवाल्यांनी तर परतीची पण तयारी ठेवा, २०१७ ला आगुंग ज्वालामुखीमुळे तिथलं विमानतळच बंद झालं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरात लेवोटोबी ज्वालामुखीमुळे ढीगभर फ्लाइटी रद्द झाल्या. व्हिसा परतीच्या तारखेच्या पुढं चार-पाच दिवस चालेल असा बघा, तेवढ्या दिवसांचे पैसे वेगळे ठेवा, एक एन-९५ मास्क आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी साधा चष्मा. २०१० ला आइसलँडच्या राखेनं युरोपचं आभाळ जवळजवळ आठवडाभर बंद होतं, म्हणून वाईटात वाईट आठवडा लागू शकतो हे डोक्यात ठेवा.

आणि घरचं. शेजारी किल्ली द्या, पोराच्या शाळेत सांगून ठेवा, केळी कापणीची गाडी परतीच्या दुसऱ्याच दिवशी ठरवू नका, व्यापाऱ्याला चार दिवस पुढची तारीख द्या.