‘सवडीची ड्युटी’ कुणाच्या सवडीची?

धाकटी नऊ महिन्यांची आणि मोठा चार वर्षांचा असताना मी मिरजेत पुन्हा ड्युटी सुरू केली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, वॉर्डमध्ये सहा वर्षं काढलेली. एका खासगी दवाखान्यात दर ड्युटीमागे पैसे ठरले. जमेल तेव्हा या, म्हणाले. मला वाटलं, यापेक्षा बरं काय!

मग सकाळी साडेसहाला फोन यायला लागले. ‘सिस्टर, आज एक जण कमी आहे, येताय का?’ नवरा कुपवाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, सासूबाई पूजेत, पोरगी मांडीवर. दोनदा नाही म्हटलं की तिसरा फोन येत नाही. ही सवड त्यांची होती, माझी नव्हे.

दोन महिन्यांनी इनचार्ज सिस्टरना म्हटलं, आठवड्याला चारच ड्युट्या द्या, पण यादी शनिवारी हातात हवी. बदल्यात रविवारची सकाळ मी घेते. रविवार कुणालाच नको असतो, आणि नवरा त्या दिवशी घरी असतो. लगेच मान्य झालं. नव्या मुलींना माझं सांगणं हेच: कमी तास मागण्याआधी ठरलेले तास मागा.

नाइटबद्दल जरा जपून. ‘पोरं झोपलेली असतात, नाइटच बरी,’ असं सगळे सांगतात. रात्री आठ ते सकाळी आठ उभं राहून घरी आलं, की ‘आता तू घरीच आहेस ना’ सुरू. एकदा मी बसल्या बसल्या डुलकले, तोवर धाकटीने पिठाचा डबा अंगावर ओतून घेतला होता. पीठच होतं म्हणून हसू आलं. तेव्हापासून नाइट झाली की सांगलीला घरी न जाता वाटेत विश्रामबागला आईकडे उतरते, चार तास झोपते. त्या दिवशी स्कूटी नाही, बस.

ड्युटीला जाताना बाळासाठी अंगावरचं दूध काढून ठेवणार असाल तर बाहेर चार तास टिकतं हे पंचवीस अंशांपर्यंतचं गणित. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते धरू नका, थेट फ्रिजमध्ये ठेवा. तिथे चार दिवस चालतं.

कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेलं हवं. रोजंदारीवर असलात तर हे दिवस दाखवायला कागद लागतो, म्हणून पैसे रोख घेऊ नका, बँकेत मागा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसात दोन जादा सुट्ट्या मिळतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. मागितल्याशिवाय यातलं कुणी सांगत नाही.

आणि सकाळपाळी दोनला सुटते यावर जाऊ नका. पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती (हँडओव्हर) देऊन, एखादी सलाइन बदलून निघेपर्यंत अडीच होतात. बालवाडीच्या बाईंना मी तीनच सांगून ठेवलंय.