सेतू केंद्राच्या नेटचे लाल, पिवळे, हिरवे दिवे: अपटाइम कुमात सेटिंग कशी करायची

काम अडलं की काउंटरवर पहिला प्रश्न हाच येते, नेट गेलं का साइटच बंद आहे? हे लगेच सांगता आलं नाही तर पंधरा किलोमीटरवरून पीक विम्याचा फॉर्म भरायला आलेला माणूस दुपारपर्यंत बाकावर बसून राह्यते आणि तिकडे त्याची मजुरी बुडते, म्हणून मी म्हणतो गावातल्या प्रत्येक केंद्रात हे दिवे पाह्यजेच. अपटाइम कुमा म्हणजे नेट आणि साइट चालू आहे का ते सतत तपासून स्क्रीनवर रंगीत दिवे दाखवणारं सॉफ्टवेअर; ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालते, आणि लॅपटॉपच घ्या काहून की लाईन गेली तरी बॅटरीवर तो जागा राह्यते. एकदा टाकलं की ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी आणि पुढे पोर्ट 3001 लिहा, उघडते.

सुरुवातीला त्यात तीनच मॉनिटर, म्हणजे तपासण्या, बनवा. पहिला राऊटरला पिंग, म्हणजे छोटी हाक देऊन उत्तर येते का ते पाहणं, दुसरा बाहेर 8.8.8.8 ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग, तिसरा तुमचं पोर्टल. नावं मराठीतच द्या, "1 राऊटर", "2 बाहेरचं नेट", "3 पोर्टल", म्हणजे काउंटरवर बसलेल्या पोट्ट्यालाही कळते. मंग वाचायचं असं: तिन्ही लाल तर राऊटर किंवा त्याची वायर पाहा, पहिला हिरवा आणि बाकी दोन लाल तर नेटवाल्याला फोन करा, फक्त तिसरा लाल तर आपल्या हातात काही नाही, लोकांना तसं सरळ सांगून टाका.

आता मुख्य गोष्ट, लाल दिवा कधी लागावा. लाल म्हणजे कोणीतरी उठून काही केलंच पाह्यजे, एवढाच त्याचा अर्थ ठेवा. आमच्या इकडे लाईनचा झटका बसला की इन्व्हर्टरवर जाताजाता राऊटर रिस्टार्ट होते आणि दोनेक मिनिटात परत येते, त्याच्यासाठी लाल कशाला. म्हणून हार्टबीट इंटर्व्हल (किती वेळानं तपासायचं) 60 सेकंद, रिट्राइज (चुकल्यावर परत किती वेळा पाहायचं) 3, रिट्राय इंटर्व्हलही (त्या दोन प्रयत्नांमधला वेळ) 60 ठेवा. मंग पहिला पिंग चुकला की दिवा पिवळा होते, म्हणजे पेंडिंग, आणि पुढचे तिन्ही चुकले तरच लाल, म्हणजे साधारण 3 मिनिटांनी. रिट्राइज शून्य ठेवलं तर पहिल्याच चुकीला लाल, आणि दिवसातून दहादा उगाच लाल पाहून चार दिवसांत कोणी त्या स्क्रीनकडे पाहात नाही.

पोर्टलसाठी साधा एचटीटीपी नको, कीवर्डवाला, म्हणजे पानावर ठरलेला शब्द सापडते का पाहणारा, प्रकार निवडा, काहून की काही साइट आतून बिघडलेल्या असल्या तरी पान उघडते आणि कुमा हिरवा दाखवत राह्यते. लॉगिन पानावरचा एखादा पक्का शब्द द्या, पण आधी राइट क्लिक करून पेज सोर्समध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) तो शब्द आहे का पाहून घ्या, तिथं नसला तर दिवा कायमचा लालच राहीन. इथं इंटर्व्हल 300 सेकंद करा, सरकारी सर्व्हरवर दर मिनिटाला धडका द्यायची गरज नाही.

आठवड्यात ठरलेल्या दिवशी लाईन बंद राहात असली तर मेंटेनन्समध्ये जाऊन तो वार आणि वेळ रिकरिंग, म्हणजे दर आठवड्याला आपोआप, लावा, टाइमझोन एशिया कोलकाता आहे ना ते पाहा. तेवढा वेळ दिवा निळा राह्यते आणि नोटिफिकेशन जात नाही.

टेलिग्रामचा अलर्ट जरूर लावा, पण एक समजून घ्या, नेट गेलं की तो अलर्ट निघणार कुठून? नेट गेल्याचं केंद्राबाहेर कळायला पाह्यजे असेल तर दुसरा कुमा बाहेरच्या सर्व्हरवर टाका, त्यात पुश मॉनिटर बनवा आणि केंद्रातला लॅपटॉप त्याच्या लिंकला दर मिनिटाला हाक देईन असं करा. हाक थांबली की बाहेरचा कुमा लाल होऊन मेसेज पाठवते.

सगळं झालं की राऊटरमधून बाहेरच्या नेटची वायर काढून पाहा. राऊटर हिरवाच राह्यला पाह्यजे, "बाहेरचं नेट" पिवळं होऊन मंग लाल. राऊटरही लाल झाला तर पहिल्या मॉनिटरमधला आयपी चुकला आहे, तो दुरुस्त करा.