निपकोव चकतीसाठी घरगुती व्हिडिओ मिक्सर

निपकोव चकती म्हणजे यांत्रिक टीव्हीतली छिद्रांची फिरती चकती, ती चित्र रेघेरेघेने उमटवते. तिच्यासाठी दोन चित्रं मिसळणारा हा मिक्सर. नेहमीच्या टीव्हीत एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना सिंक (रेघा आणि चित्रांची वेळ जुळवणारा सिग्नल) जरा चुकला तर चित्र क्षणभर हलतं आणि सावरतं. यांत्रिक टीव्हीत सिंकमागे धावते ती मोटरवरची चकती. तिची लय एकदा तुटली की पुन्हा जुळायला काही सेकंद जातात, आणि तोवर समोर नुसत्या तिरक्या रेघा. म्हणून इथे एकच अट: चित्र कुठलंही जावो, सिंक पल्स थांबता कामा नयेत आणि सरकताही कामा नयेत.

हौशी मंडळींत रुळलेल्या 32 रेघांच्या पद्धतीवर हा मिक्सर चालतो. सेकंदाला 12.5 चित्रं, म्हणजे चकती मिनिटाला 750 फेरे. सेकंदाला 400 उभ्या रेघा, प्रत्येक 2.5 मिलिसेकंदांची. सिंकचं टोक 0 व्होल्ट, काळा 0.3, पांढरा 1 व्होल्ट. प्रत्येक चित्रात एक पल्स मुद्दाम गाळलेला असतो, त्यावरून चित्राची सुरुवात कळते. यांत्रिक टीव्हीचे आद्य संशोधक बेअर्ड यांच्या 30 रेघांच्या सिग्नलमध्ये असे वेगळे सिंक पल्स नव्हते, त्यामुळे त्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर हे सर्किट आजमावू नका.

हा सिग्नल आवाजाच्या फाइलीत साठवून संगणकाच्या साउंडकार्डातून वाजवता येतो. दोन स्रोत एकाच घड्याळावर चालवायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे स्टिरिओ वेव्ह फाइल: डावीकडे चित्र ‘अ’, उजवीकडे ‘ब’. सॅम्पलिंग 48000 ठेवा. एका रेघेला बरोबर 120 नमुने येतात आणि पूर्ण चित्राला 3840. 44100 ला रेघेला 110.25 नमुने पडतात आणि बरीच सॉफ्टवेअर तो पाव नमुना कुठेतरी खपवतात. एक ट्रॅक मागेपुढे करायचा असेल तर 3840 च्या पटीतच करा. एमपी3 नको, ब्लूटूथ नको, आणि संगणकातलं ध्वनी सुधारणारं सगळं काही बंद.

सामान: टीएल074 (चार ओपॅम्पची चिप) दोन, सीडी4053 (इलेक्ट्रॉनिक स्विच) एक, एलएम393 (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) एक, 78एल05 (5 व्होल्टचा रेग्युलेटर) एक, 1एन4148 डायोड दोन, 1 किलोओमचे प्रीसेट (स्क्रू फिरवून जुळवायचे रेझिस्टर) दोन, 10 किलोओमचे लिनिअर पॉट (दांडीने फिरवायचे रेझिस्टर) दोन (पॉटवर ‘बी10के’ छापलेलं बघून घ्या), 0.22 मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर दोन, 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि किरकोळ रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यातलं काही अडू नये. टीएल074 ला +9 पिन 4 वर आणि −9 पिन 11 वर. ड्युअल ओपॅम्पच्या सवयीने पिन 4 ला उणे जोडलं की चिप गेलीच. प्रत्येक चिपजवळ पुरवठ्यावर 0.1 मायक्रोफॅरड.

आता क्लॅम्प, म्हणजे सिंकचं टोक शून्य व्होल्टला धरून ठेवणारा भाग; सगळी मेख इथे आहे. साउंडकार्डातून डीसी बाहेर येत नाही, त्यामुळे चित्र उजळलं की काळ्याची पातळी खाली घसरते. प्रत्येक चॅनलला प्रीसेट, त्याच्या वायपरवरून (मधल्या सरकत्या टोकावरून) 0.22 मायक्रोफॅरड, पुढच्या सांध्यावरून ग्राउंडला 1 मेगाओम. एका ओपॅम्पचा उणे इनपुट या सांध्याला, अधिक इनपुट ग्राउंडला. आउटपुटवरून 220 ओम आणि डायोड सांध्याकडे, डायोडचा पट्टा सांध्याच्या बाजूला. सिंकचं टोक शून्याखाली जाऊ लागलं की ओपॅम्प कपॅसिटर भरून ते वर उचलतो. दुसरा ओपॅम्प नुसता बफर, म्हणजे सिग्नल आहे तसा पुढे देणारा. इथे 1 मायक्रोफॅरड लावला तर उजळ दृश्यावरून अंधाऱ्यावर जाताना चित्र सेकंदभर राखाडी राहतं, 0.01 लावला तर प्रत्येक रेघ शेवटाकडे काळवंडते.

दोन संदर्भ व्होल्टेज एकाच साखळीतून काढा: 5 व्होल्टपासून 4.7 किलोओम, 150 ओम, 150 ओम, ग्राउंड. वरच्या सांध्यावर 0.3 आणि खालच्यावर 0.15 व्होल्ट मिळतात. 0.3 ला बफर द्या.

दोन्ही बफरच्या मध्ये पहिला पॉट, तो मिक्सचा. त्याचा वायपर बफरमधून दुसऱ्या पॉटच्या एका टोकाला. दुसरं टोक ग्राउंडला नाही, 0.3 व्होल्टला. त्यामुळे हा पॉट फिरवला की चित्र काळ्यात विरतं. अर्थात त्याबरोबर सिंकही विरतो, म्हणून तो नव्याने घालायचा. एलएम393 च्या अधिक इनपुटला 0.15 व्होल्ट, उणेला ‘अ’चा बफर, आउटपुटला 4.7 किलोओमचा पुल-अप (वर खेचणारा रेझिस्टर) +9 ला. हे आउटपुट 4053 च्या पिन 11 ला. पिन 12 वर विरवलेलं चित्र (बफर करून), पिन 13 ग्राउंडला, आणि पिन 14 वर तयार सिग्नल. तो शेवटच्या बफरमधून 100 ओममार्गे एलईडी ड्रायव्हरकडे. 4053 ला पिन 16 वर +9, आणि 6, 7, 8, 9, 10 ग्राउंडला. आठही ओपॅम्प इथे संपतात.

जुळवणी ऑसिलोस्कोपवर, दोन्ही चॅनलवर पांढरी पट्टी असलेलं चित्र लावून: प्रीसेट फिरवून टोकापासून पांढऱ्यापर्यंत बरोबर 1 व्होल्ट. ‘ब’ची पातळी चुकली तर सिंक टिकतो, पण मिक्स करताना काळा रंग वरखाली होतो. चित्र निगेटिव्ह दिसत असेल आणि सिंकही पकडत नसेल तर साउंडकार्ड सिग्नल उलटा देतंय. फाइलच उलटी करून घ्या, सर्किटला हात लावू नका. आवाज पूर्ण चढवला की सिंकचं टोक चेपलं जातं, म्हणून संगणकाचा आवाज थोडा कमी ठेवून प्रीसेटने भरून काढा.

4053 मध्ये दोन स्विच उरतात, त्यात वाइप (एक चित्र सरकत दुसऱ्याला झाकतं तो बदल) बसतो. आधी 9 आणि 10 ग्राउंडवरून सोडवा. +9 वरून 22 किलोओममार्गे 0.1 मायक्रोफॅरड भरत ठेवा आणि सिंकच्या वेळी एका स्विचने तो रिकामा करा. एलएम393 चा उरलेला अर्धा भाग या चढावाची एका पॉटशी तुलना करून दुसऱ्या स्विचने ‘अ’ किंवा ‘ब’ निवडतो. त्याही आउटपुटला पुल-अप हवा. रेघ खालून वर जात असल्याने वाइपही खालून वर सरकतो. गाळलेल्या पल्सच्या जागी मात्र कपॅसिटर रिकामा होत नाही आणि कडेची एक रेघ चुकीच्या चित्राची दिसते. तेवढ्यासाठी काउंटर लावण्यापेक्षा दोन्ही फाइलींत ती रेघ काळी ठेवा.