अर्ली इंटरव्हेन्शनचे लीडर घडवताय? मग या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दिव्यांग लहानग्यांसाठी अर्ली इंटरव्हेन्शनचं, म्हणजे अगदी लहानपणीच मदत सुरू करण्याचं, काम करणारी माणसं तयार करायची म्हटलं की आपण पहिली चूक निवडीतच करतो, म्हणजे डिग्री आणि फाडफाड इंग्रजी बघतो. अहो पण मुंब्र्यात घरात हिंदी-उर्दू चालते, येऊरच्या पाड्यांवर बोली वेगळी, तिथे दार ओळखीच्या बाईलाच उघडतं. अंगणवाडी सेविका, दिव्यांग मुलाची आई, स्वतः दिव्यांग असलेले तरुण, यांना पुढे आणा. थेरपी अर्थात रजिस्टर्ड थेरपिस्टनीच करायची, पण घरच्यांना उभं करणं हे यांच्याइतकं कोणाला जमत नाही.

आणि दिव्यांग ट्रेनी घेतल्यावर हॉल तिसऱ्या मजल्यावर नको!! आमच्याकडे झालंय असं, व्हीलचेअरवाला मुलगा खालीच थांबला आणि घरी गेला, मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. तुर्भ्याला एका घरी आमची ट्रेनी गेली, अडीच वर्षांचं पोर, बोलत नव्हतं, हिने त्याला मांडीवर घेतलं, चित्रं दाखवली, तासभर छान खेळवलं आणि आई बिचारी बाजूला उभी राहून नुसती बघत होती. ट्रेनी निघून गेल्यावर पुढचा अख्खा आठवडा काय? पुढच्या वेळी ती मागे बसली आणि आईलाच म्हणाली, ताई पेला लगेच देऊ नका, दाखवा, "पाणी" म्हणा, थोडं थांबा. पोराने पेल्याकडे हात केला, आईने पुन्हा "पाणी" म्हणून पेला दिला. एवढंच! पण हे दिवसातून दहा वेळा होतं, थेरपीचा तास आठवड्यातून एकदा.

"बाप पण उशिरा बोलला होता, थांबा" हे ट्रेनीच्या तोंडून पण येतं, ते आधी मोडून काढा, पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ सगळ्यात वेगाने होते, तिथे वाट बघणं परवडत नाही. शंका आली की तपासणी, ऐकू येतं का ते पण. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीत तपासणी होते, पुढे जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रात पाठवतात, पण नुसती चिठ्ठी हातात दिली की ती डब्यात पडून राहते. चिठ्ठीवर तारीख लिहा, सोबत कोण जाणार ते ठरवा, रिक्षाभाड्याची सोय बघा.

आणि हो, या बायकांना मानधन द्या, वेळेवर द्या. "सेवा आहे ना" म्हणून फुकट राबवलं की चांगली शिकलेली बाई सहा महिन्यांत दुसरं काम धरते आणि तिने जोडलेली घरं पण सुटतात.